टिंब, तारा, प्रश्नचिन्ह

"२४० पैकी ९ अहवाल हाताने काढावे लागले." काल संध्याकाळी वरिष्ठांना गेलेल्या मेलमध्ये एवढं एकच वाक्य होतं. उरलेले २३१ पिकल्या आंब्यासारखे आपोआप टपटप पडले असावेत.

काम साधं होतं. २४० टेक्स्ट फाइली, आणि प्रत्येकीतला 'अधिकाऱ्यांचे अभिप्राय' या शीर्षकापासून 'परिशिष्ट' या शीर्षकापर्यंतचा मजकूर वेगळा काढायचा. त्यासाठी सेडची (मजकूर ओळीओळीने चाळणारा एक प्रोग्राम) एक ओळ पुरते: तिरक्या रेघांत सुरुवातीचा शब्द, स्वल्पविराम, तिरक्या रेघांत शेवटचा शब्द, पी (म्हणजे छाप). पण शेवटचा शब्द सापडला नाही तर सेड हूं की चूं करत नाही, फाइल संपेपर्यंत छापत सुटतो. माझ्या पॅटर्नमध्ये, म्हणजे शोधायच्या साच्यात (याला 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात), 'परिशिष्ट$' होतं. $ म्हणजे ओळीचा शेवट. अर्ध्या फाइली विंडोजवर तयार झालेल्या, त्यामुळे त्यांत ओळ संपण्याआधी कॅरेज रिटर्न नावाचं एक न दिसणारं चिन्ह बसलेलं. 'परिशिष्ट'नंतर ओळ संपतच नव्हती, म्हणून अभिप्रायांना अख्खं परिशिष्ट चिकटून आलं.

मग पायथनकडे (ही प्रोग्रामिंगची भाषा) वळलो. तो टेक्स्ट फाइल वाचताना ओळींचे शेवट स्वतःच एकसारखे करतो, तेवढी एक कटकट गेली. टिंब एरवी ओळ ओलांडत नाही, म्हणून त्याला ती ओलांडू देणारं डॉटऑल हे सेटिंग लावलं. ^ (ओळीची सुरुवात) आणि $ प्रत्येक ओळीला लागू व्हावेत म्हणून मल्टिलाइन लावलं. दोन शीर्षकांच्या मध्ये .*? टाकलं आणि पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

शेजारच्या टेबलावरचे सर. निवृत्तीला आलेत, संगणकाला अजून 'मशीन' म्हणतात आणि दुसऱ्याचा स्क्रीन वाचायचा हक्क त्यांना जन्मजात आहे.

"ही काय शिवी आहे का रे? कॉमिकमध्ये असतात तशी?"

"नाही सर. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. तारा म्हणजे ते कितीही वेळा."

"कितीही म्हणजे?"

"शून्यापासून पुढे कितीही."

"म्हणजे काहीच नसलं तरी चालेल?"

"हो."

"आणि काहीही असलं तरी चालेल?"

"हो."

"मग लिहायचं कशाला?"

यावर उत्तर आहे. ते त्या क्षणी मला सुचलं नाही, ही वेगळी गोष्ट.

"आणि प्रश्नचिन्ह? तुला खात्री नाही म्हणून?"

"नाही हो. नुसता तारा जमेल तेवढं सगळं ओढून घेतो. प्रश्नचिन्ह लावलं की कमीत कमी घेतो."

"म्हणजे तारा हावरट आहे."

आता यात चिडण्यासारखं काय? तर हे, की या विद्येत त्याला खरोखरच 'ग्रीडी' म्हणतात. मला ते शिकायला दोन पुस्तकं लागली आणि सरांना चहाचा एक घोट.

हा तारा मूळचा गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांचा. मज्जातंतूंच्या जाळ्यांवरच्या, १९५६ साली छापून आलेल्या लेखात त्यांनी या 'रेग्युलर' प्रकाराची मांडणी केली. १९६८मध्ये केन थॉम्पसन यांनी त्यावरून मजकूर शोधायची रीत लिहिली. पुढे 'ग्रेप' हा शोधणारा प्रोग्राम आला. त्याचं नाव जुन्या 'ईडी' एडिटरच्या एका आज्ञेवरून पडलं: फाइलभर शोध, जुळेल ती ओळ छाप. एवढी थोर परंपरा, आणि माझ्या वाट्याला तिच्यातून आली ती अनुक्रमणिका.

कारण सरांनी स्क्रीनवर बोट टेकवलं (डाग अजून आहे). "हे इथे दोनदा आलंय की." आलं होतं. पहिल्या पानावर 'अधिकाऱ्यांचे अभिप्राय ........ १७' आणि खाली 'परिशिष्ट ........ २३'. हावरट ताऱ्याने अनुक्रमणिकेपासून शेवटच्या 'परिशिष्ट'पर्यंत जवळजवळ सगळा अहवाल उचलला असता. मिताहारी ताऱ्याने अनुक्रमणिकेतल्या दोन ओळी उचलल्या आणि समाधानाने ढेकर दिली. कुठे एरर नाही, काही नाही. उपाय एकच, शीर्षक ओळीवर एकटं असेल तरच धरायचं:

^अधिकाऱ्यांचे[ ]+अभिप्राय[ ]*[:ः]?[ ]*$

(+ म्हणजे निदान एकदा. इथलं प्रश्नचिन्ह ताऱ्यामागे नाही, त्यामुळे त्याचा अर्थ 'असलं तर एकदा, नसलं तरी चालेल'.) 'परिशिष्ट'लाही हाच न्याय. मोकळ्या जागेसाठी बॅकस्लॅश-एस (कुठलीही मोकळी जागा धरणारा संकेत) वापरू नये, तो पुढच्या रिकाम्या ओळीसुद्धा गिळतो. आणि चौकोनी कंसात कोलनशेजारी विसर्ग का? कारण 'अभिप्रायः' असं टाइप करणारे लोक आहेत. भरपूर आहेत. एका शीर्षकाच्या सात तऱ्हा करायच्या आणि अडलं की 'तुमचं सॉफ्टवेअर' म्हणायचं. शीर्षक एकसारखं ठेवायला कुणाचे हात दुखतात हे मला एकदा विचारायचंय, पण विचारणार कुणाला, सगळे तेच.

असो. अशा स्क्रिप्टच्या शेवटी किती फाइली वाचल्या, कितींत भाग सापडला आणि न सापडलेल्यांची नावं हे छापायलाच हवं. सापडलेला भाग पन्नास अक्षरांहून लहान असेल तर तेही. ते छापलं म्हणून कळलं: २४०, २३१, आणि नऊ नावं.

नऊही फाइली उघडल्या. शीर्षक जागेवर, ओळीवर एकटं, शुद्धलेखन चोख. शेवटी एकेक अक्षराचा कोड (संगणकातला क्रमांक) छापून पाहिला. ऱ्या आणि र्‍या. पाहा, काही फरक दिसतो? पहिल्यात सबंध 'ऱ' आहे. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मग शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे जागाच न व्यापणारं अक्षर. युनिकोड या अक्षरांच्या मानकाचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असलं तर ते एकसारखं करायची रीत) 'र' अधिक नुक्ता या जोडीचा 'ऱ' करून देतं, पण या जोडकाला हात लावत नाही. शोधण्याआधी आपणच ते तुकडे बदलून घ्यायचे.

"ते नऊ माझं टाइपिंग," सर म्हणाले. अभिमानाने. "नीट दिसतंय ना? मग?"

"दिसतंय हो, पण मशीनला—"

"मशीनला चष्मा लाव."

आणि मी कोड मोजत होतो तेवढ्यात त्यांनी नऊ फाइली उघडल्या, माउसने नऊ भाग निळे केले, कॉपी-पेस्ट केले आणि मेल पाठवला. त्याच फाइली, ज्या त्यांच्यामुळेच अडल्या होत्या.

रात्री पॅटर्न दुरुस्त केला. आता 'अधिकाऱ्यांचे' दोन्ही तऱ्हांनी सापडतं, पुन्हा चालवून पाहिलं, २४० पैकी २४०. सकाळी सरांकडून २४१वा अहवाल आला. शीर्षकापुढे :- आहे.