गाजर गवत वाळवून जनावरांना घाला म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: गाजर गवत हा उत्तम चारा आहे, वाळवून घातलं की दूध वाढतं. मारायचंच असेल तर मिठाचं पाणी फवारा. हातानं उपटलं तरी काही होत नाही, उलट त्याचा काढा साखरेच्या आजारावर चालतो. हे गवत खाण्यासाठी सरकार सोडतं ते भुंगे पिकं खातात. हे गवत अमेरिकेच्या गव्हातून आलं, तेव्हा काढायची जबाबदारी सरकारची. आणि शेवटी, ज्यानं त्यानं आपापल्या शेतापुरतं बघावं, गावाची बैठक घेण्यात वेळ घालवू नये.

असे मेसेज मी एरवी वाचून सोडून देते. पण कळंबकडून नानांचा, माझ्या थोरल्या चुलत्यांचा फोन आला. "वाळवून घातलं तर चालतंय म्हणतेत. कडबा संपत आलाय. म्हशींपुरतं कापून ठेवू का?" नानांनी विचारलं तरी. न विचारता गव्हाणीत टाकणारेही असतील, म्हणून हे लिहिते आहे.

चाऱ्याचंच आधी घेते, कारण यात जनावर दगावतं.

मेसेजमध्ये लिहिलंय की या गवतात प्रथिनं आहेत आणि उन्हात वाळवलं की विषारी अंश उडून जातो. प्रथिनं बहुतेक हिरव्या पाल्यात असतात, त्यावरून चारा ठरत नाही. या गवतात पार्थेनिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते उन्हानं उडून जाणारं नाही. वाळक्या गवताचा भुगा अंगावर उडाला तरी माणसाला खाज सुटते, मग ते जनावराच्या पोटात गेल्यावर निरुपद्रवी कसं होईल?

हे कुणी करून पाहिलेलं नाही असंही नाही. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी गायी-म्हशींना हे गवत खाऊ घालून काय होतं ते तपासलं आणि 1977 मध्ये 'एक्स्पिरिएन्शिया' या संशोधन नियतकालिकात छापलं. बहुतेक जनावरांच्या कातडीला भयंकर दाह झाला, विषबाधेची लक्षणं दिसली आणि ती 8 ते 30 दिवसांत मेली. खाण्यात 10 ते 50 टक्के गाजर गवत असेल तर जनावर दगावू शकतं, असं त्यातून पुढे आलं. दिवसाला 20 किलो वैरण खाणारी म्हैस धरली तर 10 टक्के म्हणजे 2 किलो, एक लहानशी पेंढी. मेसेज लिहिणाऱ्यानं तर पोटभर घालायला सांगितलंय.

दूध वाढण्याचंही तसंच. हे गवत खाल्लेल्या जनावराचं दूध कडवट होतं, हे आपल्याकडच्या कितीतरी गवळ्यांना माहीत आहे. असं दूध डेअरीवर कोण घेईल?

एक गोष्ट खरी आहे. शेळ्या-मेंढ्या कधीमधी याला तोंड लावतात, आणि भुकेलं जनावर दुष्काळात काहीही खातं. पण ती भुकेची मजबुरी झाली. पोटभर चारा मिळालेली गाय गाजर गवत बाजूला सारून पुढं जाते. मराठवाड्यात उन्हाळा आला की वैरणीसाठी माणूस अगतिक होतो, छावण्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. अशा वेळी हा मेसेज वाचणारा माणूस मूर्ख नसतो, त्याच्याकडे पर्याय नसतो. म्हणूनच मला या मेसेजचा राग येतो. सोयाबीनचं, तुरीचं भुसकट, उसाचं वाढं, जे मिळेल ते घाला, पण हे नको. बांधावरून गवत कापून आणता तेव्हा त्यात गाजर गवताचे फाटे आलेत का ते बघा. आणि घातलंच गेलं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

आता मीठ. यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करते. 15 ते 20 टक्के मिठाच्या द्रावणानं गाजर गवत जळतं, आणि पडीक जागेसाठी, रस्त्याच्या कडेसाठी हा उपाय तज्ज्ञही सांगतात. पण मेसेजमध्ये 'शेतात बिनधास्त मारा' असं लिहिलंय. 20 टक्क्यांचं द्रावण म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 3 किलो मीठ. एकराला 200 लिटर पाणी धरलं तर 40 किलो मीठ आपण जमिनीत ओतणार. आपली जमीन काळी, चिकणमातीची. तिच्यात सोडियम साठत गेलं की माती फुगते, पाण्याचा निचरा थांबतो, वाळल्यावर ढेकळं दगडासारखी होतात. चोपण जमीन म्हणजे काय ते कालव्याच्या पट्ट्यातल्या लोकांना विचारा. तणासाठी शेत चोपण करून घेऊ नका.

'हातानं उपटलं तरी काही होत नाही' हे वाक्य पुरुषानं लिहिलं असावं असं मला वाटतं, कारण खुरपणीला वाकतात त्या बायका. पुण्यातल्या रुग्णांवरून डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्येच या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाची नोंद केली होती. मान, चेहरा, पापण्या, कोपराच्या आतली बाजू, जिथं घाम येतो तिथं कातडी लाल होते, जाड होते, रात्र रात्र खाज थांबत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत परागकणांनी शिंका आणि दमाही सुरू होतो. ही ॲलर्जी पहिल्याच दिवशी होते असं नाही. अनेक वर्षं हात लावून काही न झालेल्या बाईलाही अचानक सुरू होते, आणि एकदा सुरू झाली की नुसतं त्या शेतातून चाललं तरी उठते. उपटायचंच, पण हातमोजे घालून, अंगभर कपडे घालून, तोंडाला रुमाल बांधून. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना या कामाला लावू नका. आणि काढा कुणीही पिऊ नका.

भुंग्यांबद्दल जास्त लिहित नाही. मेक्सिकन भुंगा 1983 मध्ये आपल्या देशात आणला, पुढच्या वर्षी बंगळूरला सोडला. नंतर तो सूर्यफूल खातो अशी ओरड झाली, समिती बसली, तपास झाला. गाजर गवताचे परागकण ज्या पानांवर पडले होते तिथंच त्यानं तोंड लावल्याचं दिसलं, आणि पिकाला धोका नसल्याचं ठरलं. त्याची खरी मर्यादा मेसेजमध्ये लिहिलेलीच नाही. तो पावसाळ्यात खातो आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात जमिनीत निजून राहतो. त्यामुळे भुंगे सोडले, आता काम संपलं, असं होत नाही. आणि जिथं भुंगे सोडलेत तिथंच कुणी फवारणी केली तर ते जगतील कशावर?

गव्हाचीही गोष्ट अर्धीच खरी. त्या काळात परदेशी धान्याबरोबर बी पसरलं असं बरेच अभ्यासक मानतात. पण अमेरिकेकडून धान्य घेण्याचा पीएल-480 हा करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये, आणि पुण्यात हे गवत 1955 सालीच दिसलं होतं. समजा गव्हातूनच आलं. म्हणून आज आपल्या पांदणीतलं गवत उपटायला वॉशिंग्टनहून कुणी येणार आहे का? शेजारच्या कर्नाटकानं 1975 मध्ये ते कायद्यानं उपद्रवी तण जाहीर केलं. कायदा झाला, गवत आजही तिथं आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, आपापल्या शेताचा. वरवर समंजस वाटतो, आणि बहुतेकांना तोच पटतो. गाजर गवताच्या एका झाडाला 25 हजारांपर्यंत बी येतं. बी इतकं बारीक आणि हलकं की वाऱ्यानं, ओढ्याच्या पाण्यानं, ट्रॅक्टरच्या टायरला लागलेल्या चिखलातून, जनावरांच्या खुरांतून, शेणखतातून सगळीकडे जातं. उगवल्यावर महिना-दीड महिन्यात फूल येतं आणि ओल असेल तर वर्षातून तीन-चार पिढ्या होतात. तुम्ही सोयाबीनमध्ये दोनदा खुरपलं, मजुरीचे पैसे दिले, आणि बांधापलीकडचं पडीक रान, गायरान, शाळेची मागची बाजू, उकिरडे, पांदण तसंच राहिलं, तर पुढच्या पावसात ते पुन्हा तुमच्याच सरीत उगवणार. ज्याच्या शेतात पैसा जातो तो एक, आणि बी पिकतं ती जागा कुणाचीच नाही. ही अडचण एकट्याच्या खुरप्यानं सुटणारी नाही, म्हणून बैठक लागते.

काय करायचं तेही लिहिते. पहिली फेरी पेरणीनंतर, जमीन ओली असताना, फूल यायच्या आत. तेव्हा झाड मुळासकट येतं. वरून कापलेलं पुन्हा फुटतं. फुलाआधी उपटलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकता येतं, फुलावर आलेलं तिथं टाकू नका, ते बी खतातून शेतात येईल. शेत कसणाऱ्यांनी आपापला बांध, तरुण मंडळानं पांदण, ग्रामपंचायतीनं गायरान, शाळा आणि रस्त्याची कडा, अशी वाटणी तोंडी न ठेवता लिहून घ्या. 15 ऑगस्टला ग्रामसभा असतेच, आणि जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दर वर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह म्हणून पाळतं. ग्रामसभेत विषय घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उगवलेल्या गवतासाठी दुसरी फेरी काढायची. मोकळ्या झालेल्या जागी तरोट्याचं बी टाका, तो दाट वाढून गाजर गवताला जागा देत नाही. आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज आला त्याच ग्रुपवर कोणती पांदण कुणाकडे आहे ती यादी टाका.