बँड योग्य जागी आला म्हणजे रिसेप्टर सापडला असं नाही

न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये प्रथिनं शोधायला अँटिबॉडी, म्हणजे ठराविक प्रथिनाला चिकटणारे रेणू, वापरतात. तिथे नव्याने आलेल्यांना एक सल्ला हमखास फॉरवर्ड होतो: ‘अल्फा-७ रिसेप्टरची अँटिबॉडी निवडताना फार डोकं लावू नका. बँड योग्य वजनाला येतो, पेप्टाइड मिसळलं की सिग्नल जातो, मोनोक्लोनल आहे आणि ढीगभर पेपरांत वापरलीय, म्हणजे खात्रीची.’ या चारही गोष्टी खऱ्या असल्या, तरी त्यातून खात्री निघत नाही.

आधी बँड. ब्लॉट या चाचणीत ऊतीतली प्रथिनं वजनानुसार वेगळी होतात आणि अँटिबॉडी जिथे चिकटते तिथे रेघ दिसते, तो बँड. अल्फा-७ हा मेंदूतला निकोटिनिक असिटिलकोलिन रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं रासायनिक संदेश घेणारं प्रथिन. त्याच्या एका सबयुनिटचं, म्हणजे घटक प्रथिनाचं, वजन साधारण ५६ किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक). नेमक्या त्याच पट्ट्यात पेशीच्या सांगाड्यातलं ट्युब्युलिन हे प्रथिन धावतं आणि मेंदूत ते भरमसाट असतं. शिवाय अँटिबॉडी उंदरात बनवलेली आणि ऊतीही उंदराचीच असेल, तर पहिल्या अँटिबॉडीला धरून सिग्नल देणारी सेकंडरी अँटिबॉडी ऊतीत उरलेल्या रक्तातल्या अँटिबॉडीच्या जड साखळीलाही धरते. तिचा बँड ५०च्या आसपास. या गर्दीत मुळात तुटपुंजा असलेला रिसेप्टर कुठला, हे निव्वळ वजनावरून कसं ठरवणार?

पेप्टाइडचा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण तो कंट्रोलसारखा, म्हणजे पडताळणीच्या चाचणीसारखा, दिसतो. ज्या पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावर, अँटिबॉडी बनवली तेच जास्त प्रमाणात मिसळलं, की तिच्या पकडीच्या जागा भरून जातात. मग ती कशालाच चिकटत नाही: खऱ्या रिसेप्टरलाही नाही आणि चुकून जे प्रथिन ती धरत होती त्यालाही नाही. सिग्नल दोन्हीकडे सारखाच जातो. चोर आणि साव दोघांनाही कोंडून ‘आता चोरी होत नाही’ म्हणण्यातला प्रकार. चिकटणं त्या पकडीच्या जागेतून होत होतं, एवढंच यातून कळतं.

खरी परीक्षा प्रथिनच नसलेल्या ऊतीवर होते. अल्फा-७चं जनुक निकामी केलेले (नॉकआउट) उंदीर १९९७ साली आले. मण्यारीच्या कुळातल्या एका सापाच्या विषातलं अल्फा-बंगारोटॉक्सिन या रिसेप्टरला घट्ट धरतं. या उंदरांच्या मेंदूत ते चिकटण्याच्या उच्च-आकर्षणाच्या जागा नाहीशा झाल्या होत्या. म्हणजे रिसेप्टर खरोखर गेला होता. पण मोझर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अल्फा-३, अल्फा-४, अल्फा-७, बीटा-२ आणि बीटा-४ या सबयुनिटांवरच्या अँटिबॉडी आपापल्या नॉकआउट उंदरांच्या मेंदूवर लावल्या, तेव्हा तपासलेल्या प्रत्येक अँटिबॉडीचा सिग्नल साध्या आणि नॉकआउट उंदरांत सारखाच निघाला. ब्लॉटवरही आणि मेंदूच्या कापांवरही.

‘मोनोक्लोनल आहे’ याचा अर्थ सगळे रेणू एकसारखे. चुकीचं प्रथिन धरायचं असेल तर तेही सगळे मिळून एकसारखंच धरतात.

राहता राहिले पेपर. मेंदूविज्ञानाशी संबंधित ६५ मानवी प्रथिनांच्या ६१४ विकाऊ अँटिबॉडी नॉकआउट पेशींवर तपासणारा एक मोठा अभ्यास अलीकडे झाला. निम्म्याहून जास्त अँटिबॉडी कुठल्या ना कुठल्या वापरात नापास झाल्या, आणि नापास झालेल्या शेकडो अँटिबॉडींपैकी बऱ्याच भरपूर प्रकाशित पेपरांत वापरलेल्या होत्या. एकाने दुसऱ्याचा कॅटलॉग नंबर उचलायचा आणि तिसऱ्याने दोघांचा दाखला द्यायचा, याला पडताळणी म्हणत नाहीत. त्याच अभ्यासात रिकॉम्बिनंट, म्हणजे ठरलेल्या जनुकक्रमावरून बनवलेल्या, अँटिबॉडी इतरांपेक्षा सरस ठरल्या, हे खरेदीच्या वेळी उपयोगी पडेल.

नॉकआउटही आंधळेपणाने घेऊ नये. जनुकाचा तुकडा उरला असेल तर अर्धवट प्रथिन बनू शकतं, आणि अँटिबॉडी नेमकी त्या उरलेल्या भागावरची असली तर सिग्नल येणारच. माणसाच्या ऊतीत अडचण आणखी वाढते: तिथे नॉकआउट मिळत नाही आणि अल्फा-७च्या जनुकाची अर्धवट दुसरी प्रत, सीएचआरएफएएम७ए, फक्त माणसातच असते. म्हणून अँटिबॉडी प्रथिनाच्या नेमक्या कुठल्या भागावर बनवली, हे डेटाशीटमध्ये शोधा. तिथे नसेल तर ऑर्डर देण्याआधी कंपनीला विचारा आणि त्यांचा नॉकआउटचा ब्लॉट मागा, पूर्ण, कडा न कापलेला.