‘लक्ष नव्हतं’ म्हणे

परवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. बी विंगमध्ये सुतारकाम चालू होतं, मिस्त्रीबरोबरच्या पोराची तर्जनी कटरवर गेली. खाली पाच-सहा हात जोडलेले इमोजी, आणि मग एका काकांचं वाक्य: "यांचं कामात लक्षच नसतं."

माझा मामा सुतार. डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. लहानपणी विचारलं की "उंदरानं खाल्ली" म्हणायचा. मोठेपणी विचारलं तर म्हणाला, "लक्ष नव्हतं रे." तोही काकांच्याच बाजूचा!

आता ते मशीन काय असतं बघा. घरी फर्निचर करायला येणारी बरीच मंडळी टाइल्स कापायचा ४ इंची मार्बल कटर घेतात, त्याला लाकडाचं पातं लावतात, प्लायला फट पाडून खालून उलटा आवळतात आणि बटण लॉक करून टाकतात. झालं टेबल. बंद करायचं तर भिंतीवरच्या बोर्डाकडे धावायचं. पात्यावर झाकण, म्हणजे गार्ड, नाही. पात्यामागे एक उभी पातळ पट्टी असायला हवी, तीही नाही. ती कशाला हवी? कापलेलं लाकूड मागे मिटायला बघतं आणि पातं चिमटीत धरतं. मग मागचे दात फळी उचलून माणसाच्या अंगावर फेकतात. फळी गेली की तिच्यावर जोर देऊन ठेवलेला हात सरळ पात्यावर. यात लक्ष कुठे आणि किती ठेवायचं?

हे पातं मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फिरतं, म्हणजे कडेचा वेग ताशी जवळपास २५० किलोमीटर. दचकून हात मागे घ्यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात ३० दातांच्या पात्याचे १२०० दात तिथून गेलेले असतात. (ग्रुपवर कुणी तरी "ग्लोव्हज घाला" असंही लिहिलं. चुकूनही नको. दातात कापड अडकलं की बोटाऐवजी पंजा आत जातो.)

अमेरिकेत स्टीफन गॅस नावाच्या माणसानं बोट लागताच काही मिलिसेकंदांत पातं थांबवणारी सॉस्टॉप ही करवत बनवली. बोटाऐवजी सॉसेज लावून तो ते दाखवायचा. म्हणजे माणसाचं लक्ष उडणार हे धरून मशीन बनवता येतं. आमच्या मिस्त्रीला ते परवडायचं नाही, हा भाग वेगळा.

पण साधं गार्डही का नसतं? मामा म्हणाला, "लाकडाची दीड इंचाची पट्टी कापायची तर ते आडवं येतं, रेघ दिसत नाही. एकदा काढलं की परत कोण लावतंय?" त्यात मजुरी स्क्वेअर फुटावर. आणि आमच्या सोसायटीचा नियम: आवाजाचं काम सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६. म्हणजे सगळं कापाकापीचं काम पाच तासांत कोंबायचं. मिटिंगमध्ये या नियमाच्या बाजूनं मीही हात वर केला होता. पाचही बोटांचा.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यानं बोटांचा हिशेब मांडून ठेवला, कुठलं बोट गेलं की कमवायची ताकद किती टक्के गेली असं धरायचं: अंगठा ३० टक्के, आख्खी तर्जनी १४, करंगळी ७. वय ३०, पगार १५ हजार धरला तर तर्जनीचे २ लाख ६२ हजारांच्या आसपास होतात. पण त्याच कायद्यात एक मेख होती. दिलेलं गार्ड कामगारानं जाणूनबुजून काढलं आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नाही, तर मालकावर जबाबदारी नाही. बी विंगमधल्या टेबलाला गार्ड कधी दिलंच नव्हतं. पण हे भांडायचं कुणी? त्या पोराचा मालक म्हणजे त्याचाच चुलता, तोही रोज त्याच टेबलावर कापणारा.

बोट कुणीतरी थेट बर्फात टाकून नेलं. तसं करू नका, पेशी गोठून मरतात. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचं, पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट नाही जोडता आलं. असंही पातं मधला हाडामांसाचा तुकडा खाऊन टाकतं, सुरीसारखा स्वच्छ काप नसतो.

पुढच्या महिन्यात माझ्याकडे कपाटाचं काम आहे. मिस्त्रीला म्हटलं, सगळं प्लाय दुकानातल्या मोठ्या मशीनवर मापानं कापून आणू. तो हसला. "साहेब, तुमची भिंत सरळ आहे का?" नाहीये. मग ठरलं ते असं: मोठे काप दुकानात, बारीक इथे. बारीक तुकडा बोटानं नाही, काठीनं ढकलायचा. मजुरी रोजावर. त्याला तीन-चार दिवस जास्त लागतील, माझे पैसे जास्त जातील.

आणि १ ते ४ ची बंदी उठवा, असा अर्ज रविवारच्या मिटिंगला देतोय. ज्यांची झोपमोड होणार आहे त्यांनी आत्ताच कमेंटमध्ये सांगा. काका, तुम्हीही.