‘मुले पळवणारी टोळी’ आणि न केलेला एक फोन

‘मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात उतरली आहे, साधूंच्या वेशात फिरते, मूत्रपिंडे काढून विकते, सीसीटीव्हीत सापडली आहे, पोलीस लपवत आहेत, खोटे निघाले तरी सावध राहण्यात नुकसान काय?’ हा संदेश गावाचे नाव बदलून वर्षानुवर्षे फिरतो आहे.

आधी पुरावा पाहू. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेतात, ही 2018 मध्ये देशभर पसरलेली चित्रफीत कराचीतील एका संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी बनवली होती. मूळ फितीत तेच दोघे लगेच परत येऊन मुलाला खाली उतरवतात आणि हातातला फलक उघडून दाखवतात. नेमका तेवढा शेवट कापून उरलेला तुकडा आपल्याकडे ‘कालचीच घटना’ म्हणून पोहोचला. मूत्रपिंडाचे म्हणाल, तर रक्तगट आणि ऊती जुळवल्याशिवाय, सुसज्ज शस्त्रक्रियागृहाशिवाय ते कोणाच्या उपयोगी पडत नाही.

पोलीस लपवतात, हेही टिकत नाही. मूल बेपत्ता झाले की अपहरणाचाच गुन्हा गृहीत धरून नोंद करावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. त्यामुळे अपहरणाच्या नोंदींचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात रागावून घर सोडलेली मुलेही असतात.

‘नुकसान काय’ हे राईनपाड्याला विचारावे. 1 जुलै 2018 रोजी, रविवारच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील या गावात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने याच संशयावरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. पालघर जिल्ह्यातील गडचिंचल्यात एप्रिल 2020 मध्ये दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले.

आता आपल्या, म्हणजे पत्रकारांच्या, व्यवसायाबद्दल. ‘व्हायरल व्हिडिओमुळे पालकांत घबराट’ अशी बातमी लावून ‘आम्ही फक्त चर्चा असल्याचे सांगितले’ म्हणणे मला मान्य नाही, कारण त्या कात्रणामुळे अफवेला छापील दुजोरा मिळतो आणि पुढच्या संदेशाला तेच कात्रण जोडले जाते. पोलीस ठाण्यात एक फोन करून गुन्हा नोंद आहे का, क्रमांक आणि तारीख काय, एवढे बातमीदाराने विचारलेच पाहिजे. नोंद नसेल, तर ‘अशी घटना घडलेली नाही’ हीच बातमी होते, आणि हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात नव्हे, मथळ्यातच हवे, कारण लोक पुढे पाठवतात तो मथळ्याचा फोटो.