हात मांडीखाली घालून खेळायचा खेळ

आरमाराच्या मिनिएचर गेममध्ये सगळ्यात अवघड चाल कोणती म्हणाल तर जहाज मागे ठेवणं. बाकी सगळं येतं हो, नियम पाठ होतात, फासे कोणालाही टाकता येतात, पण हात काही ऐकत नाही. आपोआप जहाजाकडे जातो आणि ते पुढे ढकलतो.

मी स्टार वॉर्स: आर्माडा खेळतो, टेबलावर अंतराळातल्या लढाऊ जहाजांच्या छोट्या प्रतिकृती मांडून लढायचा खेळ. प्रत्येक जहाजाला पॉइंटमध्ये किंमत, 400 पॉइंटपर्यंतचा ताफा, 6 फूट बाय 3 फुटाचं मैदान, 6 राउंड. माझ्याकडे एक स्टार डिस्ट्रॉयर आहे, राखाडी त्रिकोणी धूड, त्याच्या नाकासमोर अगदी जवळ कोणी आलं की एकदम 8 फासे, 3 लाल, 2 निळे, 3 काळे. आता असलं जहाज बाळगून माणसाने कडेला उभं राहायचं? आमचं बाशिंग गुडघ्यालाच असतं.

तर पहिला सामना. समोर एक काका. चष्मा नाकावर घसरलेला, डबीतून जहाजं अशी काढतायत जणू औषधाच्या गोळ्या मोजतायत. माझी 3 जहाजं, त्यांची 6, त्यातली निम्मी म्हणजे फुटकळ मालवाहू, 18-18 पॉइंटवाली. मी मनात हसलो. मग कळलं की ती लढायला नव्हतीच, वेळ काढायला होती. या खेळात पाळीपाळीने एकेक जहाज चालवायचं असतं आणि तेव्हा पास म्हणून पाळी सोडून द्यायची टोकनं आलेली नव्हती, त्यामुळे काका एक मालवाहू इंचभर सरकवणार, मग मी माझं एक, ते दुसरं मालवाहू, मी माझं दुसरं, ते तिसरं, आणि मग माझ्याकडे उरला फक्त डिस्ट्रॉयर आणि त्यांच्याकडे तीन खरी लढाऊ जहाजं, तीही न हललेली.

"चालव ना, सावकाश, घाई नाही," काका म्हणाले.

इथे एक नियम सांगायला हवा, कारण माझं सगळं वाटोळं त्यात आहे. जहाजाची पाळी आली की ते आधी गोळीबार करतं आणि मग सरकतं. नियमपुस्तकात हे वाचताना मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पण त्याचा अर्थ असा की जो आधी समोरच्याच्या टप्प्यात शिरतो तो नुसताच शिरतो, पाळी संपली, आता बसा, आणि समोरचा निवांत पट्टी लावून, "लांबचा पल्ला, म्हणजे लाल फासे ना रे?" असं आपल्यालाच विचारून आपल्यावर फासे टाकतो. तीन वेळा. पुढच्या राउंडला माझी पाळी आली खरी, पण तोवर काका बाजूला सटकलेले आणि माझे ते 8 फासे रिकाम्या अंतराळाकडे तोंड करून. आ बैल मला मार, आणि बैल म्हणतो, सावकाश, घाई नाही.

घरी येऊन मी स्वतःची समजूत घातली, की बचाव म्हणजे भित्रेपणा नव्हे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश ताफ्याचा सेनापती असलेल्या जेलिकोने तेच केलं होतं. 31 मे 1916, जटलंडची सागरी लढाई, जर्मन टॉर्पिडो येताना दिसले आणि या माणसाने अख्खं ब्रिटिश आरमार वळवून लांब नेलं. लोकांनी नंतर त्याला बोल लावले. ब्रिटिशांची 14 जहाजं बुडाली, जर्मनांची 11, पण दुसऱ्या दिवशी बंदराकडे परत कोण गेलं तर जर्मन, आणि समुद्र ब्रिटिशांचाच राहिला. चर्चिलने म्हटलंय की एका दुपारीत युद्ध हरू शकणारा दोन्ही बाजूंचा हा एकच माणूस होता. ठीक आहे, माझ्यावर साम्राज्य अवलंबून नव्हतं, पण डिस्ट्रॉयर रंगवायला मला दोन आठवडे लागले होते.

काही महिन्यांनी दुसऱ्या स्पर्धेत परत तेच काका. या वेळी मी ठरवूनच आलो होतो, पुढे जायचंच नाही. डिस्ट्रॉयरला तीन राउंडांच्या कमांड, म्हणजे हुकूम, आधीच लावून ठेवाव्या लागतात, डायलचा, म्हणजे फिरवायच्या चकत्यांचा, गठ्ठा पालथा करून, म्हणजे मोठं जहाज चालवणं हे लग्नाचा हॉल बुक करण्यासारखं, आत्ता काय वाटतंय याला किंमत नाही. मी तिन्ही डायलवर नॅव्हिगेट, म्हणजे वेग बदलायचा हुकूम, लावलं, स्पीड 1 वर सुरुवात केली आणि पहिल्याच पाळीला शून्य करून टाकला. थांबला गडी. डोंगरासारखा. आता येऊ दे कोणाला यायचंय ते. समोर हिरवीगार डिफेन्स टोकनं मांडलेली, ब्रेस आहे, तो नुकसान निम्मं करतो, रिडायरेक्ट आहे, तो मार शेजारच्या शील्डवर ढकलतो. मी हात मांडीखाली घालून बसलो.

काका आले, मागच्या बाजूने, जिथे माझे फासे जेमतेम. फासे टाकले. मी मांडीखालून हात काढला आणि रुबाबात म्हणालो, "ब्रेस."

काकांनी चष्मा वर केला. "अरे, स्पीड किती तुझा?"

"शून्य."

"मग नाही वापरता येत टोकन. उभ्या जहाजाला कसला बचाव?"

मी नियम काढून पाहिला. होता. अगदी एका ओळीत होता, मी त्यावरून कितीदा गेलो असेन. पुढचे दोन राउंड मी माझी टोकनं नुसती बघत होतो, एकही वापरून लाल झालं नाही, कोरी करकरीत हिरवी, आणि त्यांच्या शेजारी डॅमेज कार्डांची चळत वाढतेय, 9, 10, अकराव्या कार्डाला जहाज गेलं. काकांनीच ते दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिलं. "रंग छान दिलायस हां."

तर तिसऱ्या वेळी मी खरा अभ्यास करून गेलो. थांबायचं नाही पण पोचायचंही नाही, मैदानाच्या कडेकडेने स्पीड 1 ने सरकत राहायचं, त्यांच्या लाल फाशांच्या टप्प्याच्या बोटभर बाहेर. मीही दोन फुटकळ मालवाहू घेतली. ताफा मुद्दाम 388 पॉइंटचाच केला, कारण ज्याचा ताफा स्वस्त तो ठरवतो पहिलं कोण, आणि पहिली पाळी मला हवी होती. 12 पॉइंट त्यासाठी पाण्यात घातले. काकांच्या तीन ऑब्जेक्टिव्हमधून, म्हणजे सामन्याच्या उद्दिष्टांमधून, सगळ्यात निरुपद्रवी निवडलं, ज्यात कोणी बुडाल्याशिवाय कोणालाच काही मिळत नाही.

पहिला राउंड, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्यात काकांचं एक मालवाहू इतकं जवळ आलं की माझ्या उजव्या हाताला अक्षरशः मुंग्या आल्या, पण मी बसून राहिलो. शेजारच्या टेबलावर स्फोट होतायत, लोक ओरडतायत, फासे जमिनीवर पडतायत, आणि आमच्याकडे दोन ताफे एकमेकांना लांबून बघत गोल फिरतायत, स्थळ बघायला आलेल्या दोन घरच्या मंडळींसारखे, आधी बोलायचं कोणी यावर अडलेले. चौथा. पाचवा. काकांनी एकदा घड्याळ पाहिलं, मला वाटलं, फुटले! फुटले नाहीत. सहावा राउंड संपला. एकही फासा पडला नव्हता. मला इतका अभिमान वाटत होता की मी उभा राहून हात पुढे केला.

"बरोबरी, काका!"

"शून्य-शून्य," काका म्हणाले आणि माझा हात हातात घेऊन अगदी प्रेमाने दाबला. "पण बरोबरी झाली की सामना दुसऱ्या पाळीवाल्याचा असतो रे. पहिली पाळी तू घेतलीस ना?"

आणि स्पर्धेच्या गुणांच्या शीटवर सावकाश, घाई न करता, त्यांनी स्वतःच्या नावापुढे 6 लिहिले आणि माझ्यापुढे 5.