‘कुस्ती रस्त्यावर चालत नाही’ म्हणणाऱ्यांना

गेल्या काही दिवसांत एक मेसेज सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरला. म्हणणं असं: नव्वद टक्के मारामाऱ्या जमिनीवरच जातात, म्हणून स्वसंरक्षणासाठी ब्राझिलियन जिउ-जित्सूच (जमिनीवर पडून पकडी आणि गळे आवळण्याची झुंज) शिका; कुस्ती हा मातीतला खेळ, पाठ टेकली की संपला, रस्त्यावर उपयोग शून्य. आमच्याकडची तालमीतली पोरं हे वाचून खट्टू झाली, म्हणून लिहितोय.

आधी तो नव्वदचा आकडा. त्यासाठी दाखला देतात लॉस एंजेलिस पोलिसांच्या 1988 सालच्या झटापटींचा. तिथेही आकडा 62 टक्के होता. शिवाय पोलिसाला समोरच्याला खाली दाबून बेड्या घालायच्या असतात, तो जमिनीवर जाणारच. आपल्याला तर सुटून घरी जायचं असतं.

दुसरा दाखला 1993 चा. अमेरिकेतल्या डेन्वरला, कुठल्याही प्रकारच्या लढवय्यांना एकमेकांशी भिडवणाऱ्या यूएफसी या पहिल्याच स्पर्धेत जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने आपल्याहून जड तीन गडी एका रात्रीत हरवले. खरं आहे, आणि कौतुकाचंच आहे. पण तिथे समोर एकच माणूस होता आणि पायाखाली मॅट. पुढे 1996 मध्ये हीच स्पर्धा मार्क कोलमनने लागोपाठ दोनदा जिंकली. तो कुस्तीगीर. मेसेजमध्ये हे कुठेच नाही.

आता रस्त्याचं. मागच्या उन्हाळ्यात विजापूर वेशीजवळ चहाच्या गाड्यावर एका दारुड्याने तालमीतल्या एका पोराची कॉलर धरली. पोराने हिसका दिला नाही. दारुड्याचा कोपर खालून वर रेटला, डोकं त्याच्या काखेखालून काढलं आणि पाठीमागे जाऊन कंबरेला मिठी मारली. पाडलं नाही. त्याला धाप लागेपर्यंत तसाच धरून ठेवला, मग सोडलं, दोन पावलं मागे सरकला आणि गाडीला किक मारून निघून गेला. खाली शहाबादी फरशी होती आणि दारुड्याचे दोन सोबती शेजारीच उभे होते. पोरगं त्याला घेऊन खाली लोळलं असतं, तर त्या दोघांच्या लाथा कुणी अडवल्या असत्या?

कपड्यांचंही तेच. आपल्या मे महिन्यात अंगात पातळ टी-शर्ट असतो. ज्युदो-जिउ-जित्सूच्या जाड जाकिटावर घोटलेली पकड तिथे कापड फाडून रिकामी होते. मातीत अंगावर लंगोटाशिवाय काही नसतं, त्यामुळे पैलवानाचा हात आपोआप मनगट, मान, काख, कंबर शोधतो.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांची बरोबर आहे. खाली गेलेला पैलवान पाठ वाचवायला पोटावर घट्ट पडून राहतो. रस्त्यावर हीच सवय जिवावर बेतेल, कारण पाठीवर बसलेला गळा आवळू शकतो. उताणं पडल्यावर गुडघे आड घालून अंतर राखणं आणि उठणं जिउ-जित्सू उत्तम शिकवतं. आणि धोबीपछाड! तेल-ताक घालून मऊ केलेल्या मातीत ती ठीक; डांबरावर समोरच्याचं डोकं फुटेल, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 37 बचावात गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क देत नाही. चाकू दिसला तर यातलं काहीच करू नये, पळावं.

पोरांना मी सांगितलंय, संध्याकाळची लढत एक दिवसही चुकवू नका. रविवारी जिउ-जित्सूवाल्यांकडे जा आणि खालून उठायला शिका.