ऑर्क गायब करून काय साधलं?

2025 च्या फेब्रुवारीत डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या गेमचं नवं मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे शत्रूंचं पुस्तक, आलं आणि त्यात ऑर्क ही रानटी योद्ध्यांची काल्पनिक जमातच नाहीये! म्हणजे गेममध्ये आहे, 2024 च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये तुम्ही स्वतः ऑर्क घेऊन खेळू शकता, पण डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) समोर शत्रू म्हणून उभा करायचा असेल तर मागच्या तक्त्यात बघायचं, तिथे लिहिलंय ऑर्कच्या जागी 'टफ' वापरा. टफ म्हणजे कुठल्याही बंदरावर भेटेल असा भाडोत्री गुंड. ड्रो, म्हणजे जमिनीखाली राहणारी काळ्या कातडीची जमात, तिचंही साधारण तसंच. यावरून ऑनलाइन जी जुंपलीय त्यात अर्धे म्हणतायत गेमची वाट लावली, अर्धे म्हणतायत सुटलो एकदाचे. मला दोन्ही पार्ट्यांचं पटत नाही.

जुनं होतं ते भंगारच होतं हो. 2016 च्या व्होलोज गाइड या गेमच्या पुस्तकात ऑर्क घेतलात की बुद्धीच्या गुणांत थेट वजा दोन, म्हणजे अख्खी जमात जन्मतःच मठ्ठ, आणि वर अलाइनमेंट, म्हणजे स्वभावावरचा शिक्का, केऑटिक ईव्हिल (बेबंद दुष्ट). 2020 मध्ये कंपनीने स्वतःच कबूल केलं की ऑर्क आणि ड्रोची वर्णनं वाचून खऱ्या जगातल्या लोकांना कसं हिणवलं गेलं ते आठवतं, आणि मग ते वजा दोनही काढून टाकलं. आपल्याकडच्या माणसाला हे कळायला अमेरिकेत जायची गरज नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये त्या विमुक्त झाल्या खऱ्या, पण अजून गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात. 'ऑर्क दिसला की मार' हे लॉजिक वेगळं काय होतं?

(आणि आपल्या राक्षसाचं तर विचारूच नका. 1977 च्या मॅन्युअलमध्ये त्याला वाघाचं डोकं लावलं आणि मरण कशाने, तर धर्मगुरूने मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने! रावण ऐकून हसला असता.)

पण म्हणून शत्रूच पुसून टाकायचा? सगळ्यांना गोडगोड करून ठेवलं की त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरतच नाही. आधी रानटी होते, आता नुसत्या हिरव्या कातडीची माणसं. संस्कृती दोन्हीकडे नाही.

हे काम नीट कसं करायचं ते गेम डिझायनर कीथ बेकरने 2004 मध्येच एबेरॉन या गेमसाठी रचलेल्या जगात दाखवलंय. तिथे माणसं समुद्रापलीकडून आली, त्याच्या कितीतरी आधी गॉब्लिन या ऑर्कसारख्याच 'शत्रू' जमातीचं ढाकान साम्राज्य होतं. डेल्कीर नावाची भयानक अस्तित्वं जगावर चालून आली तेव्हा ती बंदिस्त केली कोणी, तर ऑर्क ड्रुइडांनी (निसर्गपूजक मांत्रिकांनी), आणि त्यांचे वारस अजून त्या कुलपांवर पहारा देतायत. त्या युद्धात ढाकान खिळखिळं झालं ते झालंच. मग माणसं आली, गॉब्लिनांना गुलाम केलं, त्यांच्याच अवशेषांवर शहरं उभारली, ते शार्न शहर, ज्याच्या उंच मनोऱ्यांची सगळे तारीफ करतात, तेही त्यातलंच. पुढे मोठ्या युद्धात माणसांनी भाड्याने आणलेल्या गॉब्लिन फौजा उलटल्या, त्यांच्या हारूक नावाच्या सरदाराने सायर देशाचा दक्षिण भाग बळकावला आणि दारगून उभं केलं. आता गंमत बघा, जमीन मुळात गॉब्लिनांची हे खरं, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी सायरची साधी माणसं देशोधडीला लागली हेही तितकंच खरं. त्यात आणखी डोंगरात लपून राहिलेली जुनी ढाकानी घराणी आहेत, त्यांना हारूक म्हणजे बाटलेला, उपटसुंभ वाटतो. एवढा मसाला असताना कोणाला अलाइनमेंट लागतेय?

माझ्या टेबलवर एका पुलावर हॉबगॉब्लिन (गॉब्लिनांपैकीच एक जात) शिपाई टोल मागत होते. आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळणारा सवयीने म्हणाला, इनिशिएटिव्ह टाकू? म्हणजे लढाई सुरू करू? तोवर त्यांच्या नायकाने कमानीवरचा ढाकानी कोरीव लेख दाखवला, म्हणाला हा आमच्या पणज्यांनी बांधला, तुमच्या राजाने फक्त कठडा रंगवला. यावर सायरची निर्वासित खेळणारी मैत्रीण इतकी भडकली की काय सांगू, म्हणे पूल तुमचा असेल, पण पलीकडचं जळलेलं गाव माझं आहे. पुढे जे भांडण चाललं त्यात एकही फासा पडला नाही, चहा दोनदा झाला. कोण बरोबर ते मी ठरवलं नव्हतं आणि ठरवणारही नाही.

मारामारी लागतेच, नाही कशाला म्हणू, आमच्यातला एक जण मध्येच जांभई देऊन "दादा, फाइट कधी?" विचारत होताच. ती झाली पुढच्या आठवड्यात, तह न मानणाऱ्या एका ढाकानी तुकडीशी, आणि जांभईवाला पहिल्याच राउंडला बेशुद्ध पडला. त्याला उचलून न्यायला पुलावरचाच तो नायक आला. उचलणावळ वेगळी लावली त्याने.